मंजुळेच्या ओळीतले गोल

४ जानेवारी १९५४, सोमवार

चावली! पहिलीतल्या मंजुळेच्या दाढा बघायला म्हणून बोट घातलं, तर कचकन चावली. वर दाराआड जाऊन माझ्याकडेच रागाने बघत राहिली — जशी काही मीच तिला चावले. दहा वर्षं शिकवतेय, पण असला मान अजून मिळाला नव्हता.

सातवीतली गोदा पाणी भरत होती. तिने कळशी खाली ठेवली, मंजुळेसमोर उकिडवी बसली आणि आधी स्वतःच आ केला. "बग माजा. आता तुजा दाव." पोरीने लगेच तोंड उघडलं! चांगलं पडजिभेपर्यंत! डावीकडच्या दोन दाढा काळ्या, एकीला भोक. घरी आया दातांना भाजल्या तंबाखूची मिशरी लावतात, त्यातलीच चिमूटभर पोरींच्या तोंडात जाते.

दोघी कोळीवाड्यातल्या, शेजारच्या. माझ्यापुढे जी तोंडं मिटतात ती मोठ्या मुलींपुढे उघडतात. हे कळायला मला बोट चाववून घ्यावं लागलं.

९ जानेवारी, शनिवार

सुरू केलं. सातवीच्या आठ मुली, प्रत्येकीकडे पहिलीतली पाच पोरं. मुलींनीच कोळसा आणि मीठ कुटून, फडक्यातून गाळून मंजन केलं. हात, तोंडं, पोलकी — सगळं काळं. हसून हसून पुरेवाट.

रोज प्रार्थनेआधी प्रत्येकीने आपली पाच तोंडं बघायची आणि वहीत खूण करायची. दात स्वच्छ तर गोल, नाहीतर फुली. तिसरी खूण नाही. सोपं असेल तेच टिकतं.

चहाड्यांनी मात्र कान किटले. "बाई, ही चूळ गिळते!" "बाई, त्यानं मिशरी लावली!" शेवटी दम भरला — तोंडी काहीएक सांगायचं नाही, जे असेल ते वहीत. कशा गप्प झाल्या सगळ्या! स्वतःवरच खूश आहे आज.

गोदा म्हणाली, "फायनल झाली का मी बी बाई होनार." होईल. सातवीची ही परीक्षा सुटली की मास्तरीण होता येतं. वाड्यातली सातवीपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी. तिचा बाप, नाथा, लग्नाची घाई करत होता. दोनदा घरी जाऊन त्याला फायनलपर्यंत थोपवलाय मी.

माझी उजवीकडची दाढ दुखते. पोरांना सांगायची सोय नाही! लवंग धरली.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. प्रत्येकाच्या गालात तिळगूळ. उद्या वहीत फुल्याच फुल्या.

मंजुळेचा पुढचा दात पडला. गोदाने तिला कडेवर घेतलं आणि पोरीने तो शाळेच्या कौलांवर भिरकावला. नवा दात लवकर यावा म्हणून सगळ्या वर्गाने टाळ्या पिटल्या. आता मला चावायचं म्हटलं तरी जमायचं नाही तिला.

२३ जानेवारी, शनिवार

सोमवारी इन्स्पेक्टर येणार. ही वहीच बघायला येणार म्हणे! हेडमास्तर हरिहरपंत चार वेळा वर्गात डोकावून गेले.

शाळा सुटल्यावर वही नीट करायला बसले. डाग, शिंतोडे, दुमडलेले कोपरे. आणि गोदाने काय करावं? मंजुळेच्या ओळीत गुरुवार, शुक्रवार, आज — तिन्ही गोलांना डोळे, तोंड आणि एका बाजूला फुगवटा! बाहुल्या काढत बसली. सातवीतली घोडी, आणि वहीत चित्रं! गोदाला पाणी आणायला पिटाळलं आणि रबराने तिन्ही पुसून त्या जागी स्वच्छ गोल काढले. पेन्सिल इतकी दाबलेली की रबर झिजलं.

ती आल्यावर फटकारलं. "वही खेळायला दिलीय का?" काहीतरी बोलायला गेली. "तोंडी काही नको म्हटलंय ना?" म्हणाले. कळशी ठेवून गेली.

थंडी फार. निम्मी पोरं कानातोंडाभोवती फडकी गुंडाळून बसलेली, मंजुळासुद्धा.

२५ जानेवारी, सोमवार

इन्स्पेक्टर खूश! "मोठ्या मुलींनी लहानांना शिकवायचं — फार सुंदर कल्पना. इतर शाळांनाही कळवू." वही दोनदा चाळली. हरिहरपंतांनी सगळ्यांना पेढा दिला. दातांच्या तपासणीनंतर पेढा!

मंजुळा आली नाही.

२८ जानेवारी, गुरुवार

मंजुळा गेली.

किडलेल्या दाढेचं विष जबड्यात, मग गळ्यात उतरलं. काल सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा गिळताही येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सूज आठवडाभराची आहे, चार दिवस आधी आणायला हवी होती.

आठवडाभराची. म्हणजे गुरुवारपासूनची.

३० जानेवारी, शनिवार

मंजुळेची आई, सखुबाई, शाळेत आली. रडली नाही. हेडमास्तरांच्या टेबलाला धरून उभी राहिली. "माजी पोर सांगायची, शालंत रोज तोंड बगतात. म्हनून मी निवांत व्हते. मंग बगत व्हते ते काय बगत व्हते?"

गोदाला बोलावलं. मीही होते.

"सूज दिसली नाही तुला?"

"दिसली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वहीत हाय."

हरिहरपंतांनी वही उघडून तिच्यापुढे सरकवली. गोल. गोल. गोल. "खोटंही बोलतेस?"

गोदाने वहीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. हेडमास्तरांकडे नाही, माझ्याकडे. मी दौतीकडे बघत होते.

"बाई, हिने तुम्हाला काही सांगितलं होतं?"

मी म्हणाले, "नाही."

गोदाचं नाव कमी केलं. फायनलचा फॉर्मही जायचा नाही. सखुबाई जाताना गोदाच्या अंगावर थुंकली.

३१ जानेवारी, रविवार

खोटं नव्हतं ते. तोंडी तिने काही सांगितलं नव्हतं. सांगू नकोस म्हणून मीच बजावलं होतं! आणि वहीत सांगितलं, ते मी पुसलं. मी. दात स्वच्छ होते म्हणून गोल, आणि गाल सुजला म्हणून गोलाला गाल. दोनच खुणा दिल्या होत्या मी, तिने तिसरी शोधून काढली. बाहुल्या म्हणे!

३ फेब्रुवारी, बुधवार

रोज सकाळी पहिलीचा वर्ग "आ" करतो. एकोणचाळीस तोंडं. मला चाळीस आवाज ऐकू येतात. आज ओळीत उभी राहून मोजलं. एकोणचाळीस. परत मोजलं. मुली माझ्याकडे बघायला लागल्या.

मधल्या सुट्टीत कौलांवर काही खडखडलं. कावळा असेल. पण नजर वर गेली ती उतरेना. दात वर आहे अजून. पोर गेली, आणि तिचा दात माझ्या डोक्यावर आहे.

मुली सांगतात, गोदाला कोलशेतला मावशीकडे पाठवली. वाड्यात तिला कोणी दारात उभं करत नाही. नाथाने स्थळ बघितलंय.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

दाढ ठणकते. लवंग फेकून दिली. दुखू दे.

९ फेब्रुवारी, मंगळवार



पहिलीतल्या वासंतीच्या हातून मंजनाची वाटी वहीवर सांडली. नेमकं ते पान उघडं! का उघडं असतं, मला माहीत आहे. रोज मीच उघडते. ओरडून तळव्याने पूड झटकायला गेले. झटकता झटकता पान काळं झालं आणि त्या काळ्यात पांढऱ्या रेघा उठल्या. दाबून काढलेल्या पेन्सिलच्या रेघा. शिसं गेलं होतं, कागदातली खाच राहिली होती.

तीन चेहरे. गुरुवारचा गाल लहान. शुक्रवारचा मोठा. शनिवारचा एवढा की डोळा मिटलेला. बाहुलीचा एक डोळा मिटलेला, आणि तोसुद्धा मी पुसला!

वासंतीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाई, मंजुला!"

सगळा वर्ग बघायला धावला. मी वही मिटली. कोणाला घाबरले? सहा वर्षांच्या पोरीला!

१० फेब्रुवारी, बुधवार

भाऊला सांगितलं. सख्खा भाऊ, कोर्टात कारकून. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "मुलगी परत येणार आहे का? नाही ना? मग नोकरी कशाला घालवतेस? त्या कोळ्याच्या पोरीचं लग्न होईल, विसरेल ती. पान फाडून टाक."

बरं वाटलं ऐकून. तेवढ्याचीच लाज वाटते. पान फाडायला बोटांत धरलंसुद्धा. दुसऱ्या बाजूने चेहरे बोटाला लागतात — उंचवटे. मंजुळेच्या गालाला हात लावून बघितला असता तर असाच लागला असता. वीस पावलांवर बसायची. फडकं सोडून बघायला किती वेळ लागला असता?

फाडलं नाही. सांगितलंही नाही. अजून हिंमत होत नाही.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

फॉर्मची मुदत सोमवारची आहे, हे सकाळी फळ्यावर वाचलं. गोदाचं वर्ष जाणार, मग लग्न, मग संपलं. बाई व्हायचं होतं तिला. दुपारी वही घेऊन हरिहरपंतांच्या खोलीत गेले आणि काळं पान उघडून पुढे ठेवलं. रबर, पाणी आणायला पाठवणं, फटकारणं, "नाही" म्हणणं — सगळं.

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "बाई, इन्स्पेक्टरांचं पत्र आलंय. योजना बारा शाळांत जाणार." मग हळूच म्हणाले, "पान मी ठेवतो. तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही."

मी लिहून नेलं होतं. सहीसकट. दुसरी प्रत सखुबाईकडे देऊन, वाचून दाखवून आले आहे, हेही सांगितलं. तेव्हा कुठे चष्मा डोळ्यांवर चढला.

सखुबाई काय म्हणाली ते लिहवत नाही. बरोबरच म्हणाली.

गोदाचं नाव पुन्हा घातलं. फॉर्मवर तिची सही हवी. उद्या मीच जाते. माझं काय होणार ते वरून कळेल. बारा शाळांना मात्र एक कळवा, मी हरिहरपंतांना म्हणाले — तिसरी खूण ठेवा, आणि पोरींना बोलू द्या.

१३ फेब्रुवारी, शनिवार

कोलशेत. मावशीच्या अंगणात गोदा बोंबील सुकत घालत होती. मला बघून उठली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बाई, तोंडी सांगते. गाल सुजलाय तुमचा. डागदरला दावा."

फॉर्म पुढे केला. तिने परकराला हात पुसले, सही केली. मग मी सगळं सांगायला लागले, तर म्हणाली, "मला ठावं हाय. पानी घेऊन आलेली, तवा दारातून बगितलेलं. रबर तुमच्या हातात व्हता."

"मग हेडमास्तरांपुढे का बोलली नाहीस?"

"तुमी बोलाल म्हनून थांबलेली."