हेडसरांच्या नसबंदीचा खुलासा

ती. काकांस,

गुडघे दुखताहेत असं कळलं, म्हणून तुम्हाला उठायला न लावता इथूनच साष्टांग नमस्कार. काकूंना वेगळा. (त्यांना हे पत्र वाचून दाखवू नका. दाखवालच म्हणा, मी ओळखून आहे.) मी खुशाल आहे, म्हणजे अजून कोणी मारलेलं नाही. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून दोन गल्ल्यांवरून पत्र लिहितोय.

तुमच्याबरोबर पत्ते कुटणारे हेडसर हल्ली डावाला येत नाहीत आणि मुलीशी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंशी, बोलतही नाहीत. त्याचं मूळ मी आहे. बाईंच्या दवाखान्याचा कॉम्प्युटर प्रोग्राम मी लिहिला, फुकट (का, ते विचारू नका). त्यात प्रत्येक पेशंटची एक चौकट असते: आधी मालक, मग प्राणी, मग काय करायचंय ते. डेटाबेसच्या टेबलातही त्याच क्रमाने कॉलम. कुठली गोष्ट कुठल्या कॉलमात जायची हे नावानिशी लिहून देता येतं, शहाणी माणसं देतातच. पण मी पडलो आळशी, सांगून ठेवलं की चौकटीत आहे त्या क्रमाने टेबलात ओत. बरेच दिवस निभावलं. मग डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या, की आमच्याकडे पेशंट आधी, मालक नंतर. झालं! त्यांचा शब्द खाली पडू नये म्हणून मी लगेच चौकटीत प्राण्याला वर चढवलं. टेबलाला मात्र कोणी काही सांगितलं नाही. आणि टेबलाचं कसं असतं काका, वयाच्या जागी नाव आलं असतं तर ते बोंबललं असतं, पण नावाच्या जागी कुणाचंही नाव चालतं. मालकाच्या जागी कुत्रा आला, त्याने मुकाट गिळला.

आणि नेमकी त्याच दिवशी हेडसरांच्या ढब्बू कुत्र्याची नोंद झाली. (दवाखान्यातही त्यांना सगळे हेडसरच म्हणतात, नोंदही तशीच.) संध्याकाळी प्रोग्रामने आपणहून त्यांच्या फोनवर मेसेज धाडला: 'प्रिय ढब्बू, आपल्या हेडसरांची नसबंदी उद्या सकाळी आहे. रात्रीपासून उपाशी ठेवावे. चावत असल्यास तोंड बांधून आणावे.' हेडसरांनी दवाखान्याला उलट उत्तर धाडलं: 'शुद्धलेखन ठीक. आशय लाजिरवाणा. पालकांना घेऊन भेटणे.' (डॉक्टरीणबाईंचे पालक तेच, पण रागाच्या भरात एवढं कोण बघतं!)

असेच उलटे मेसेज गेलेल्या बाकीच्या मालकांनी हसून सोडून दिलं. हेडसरांना मात्र वाटतंय, पोटच्या पोरीने मुद्दाम थट्टा केली. आणि ती बिचारी माझं नाव काही घेत नाही. मला अन्न गोड लागत नाही काका, खरंच.

काकूंची तब्येत कळवा. ढब्बू ठणठणीत आहे.

तुमचा पुतण्या

ता. क. खरं काम राहिलंच. उद्या हेडसरांकडे जा, चूक माझी म्हणून सांगा, आणि ते जरा निवळले की त्याच बैठकीत मुलीला माझ्यासाठी मागणी घाला. तिचा होकार आहे.

ता. क. आणखी एक. पत्र तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "काकांना पुढे करणार असशील, तर लग्नही काकांशीच करते." तेव्हा तुम्ही बोलू नका, मीच जातो. तुम्ही फक्त फाटकाशी उभे राहा. ढब्बू मला काही करत नाही. हेडसरांचं सांगवत नाही.