कॅमेऱ्यामागचं हसू

प्रिय बाळ्या,

आशीर्वाद आहेतच, पण आज राग त्यांच्याहून मोठा आहे.

काल फोनवर म्हणालास, "ताई, आपले जुने व्हिडिओ पुन्हा इंटरनेटवर टाकतोय. डिस्क पाठव. तुझं खिदळणं तेवढं काढून टाकतो, आता तशी सोय आहे."

सोय!

मागच्या खोलीत भिंतीवर टांगलेल्या चादरीपुढे बसून तू टुकार भुतांच्या सिनेमांची पिसं काढायचास आणि मी कॅमेरा धरायचे. मला हसू आवरायचं नाही, चित्र हलायचं. तेव्हा असले व्हिडिओ करणारे आणि बघणारे मूठभरच होते, सगळे एकमेकांना टोपणनावाने ओळखायचे. 'खिदळताई' हे माझं नाव त्यांनीच ठेवलं. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी हसताना तोंडावर रुमाल धरायला शिकवलं होतं. तो रुमाल चाळिशीत सुटला, तुझ्या त्या खोलीत.

मग एका भागात मी हसलेच नाही. त्याच आठवड्यात तुझे भाऊजी घर सोडून गेले होते आणि मी कुणाला बोलले नव्हते. तू उलट म्हणालास, "वा, आज कॅमेरा हलला नाही!" व्हिडिओखाली मात्र अनोळखी माणसं विचारत होती, "खिदळताई बऱ्या आहेत ना?" त्या ओळी वाचून मी रडले, आणि पुढच्या भागात पुन्हा हसले.

डिस्क मिळेल, पण हसण्यासकट. नाहीतर राहू दे माझ्या कपाटात.

हे पत्र काही मी पेटीत टाकायची नाही. तुझा फोन आला की नुसती हसेन. रुमालाशिवाय.

तुझी,
खिदळताई