मंडईच्या नाटकाला येतोच

२ सप्टेंबर. निगाता, जपान.
पोचलो. भातावरच्या संशोधनासाठी सहा महिने. आमच्या केंद्रातून निवड झालेला मी एकटाच. (अर्जही एकट्यानेच केला होता, पण तो मुद्दा नाही.)
खोली लहान, स्वच्छ. संडासातल्या चपला वेगळ्या असतात. त्याच घालून जेवणाच्या हॉलमध्ये गेलो. सगळे माझ्या पायांकडे बघत होते.
संकल्प: रोज पाच जपानी शब्द. पहाटे व्यायाम. आणि वारलूभाऊंना खरं काय ते सांगणे.

४ सप्टेंबर
शेवटच्या संकल्पाबद्दल.
भाऊबीज झाली की आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्राच, आणि मंडईत आमच्या मंडळाचं रात्रभराचं नाटक. बसवतात वारलूभाऊ. दहा वर्षं नायक मी. निघताना सिंदेवाहीच्या बसस्टँडवर भाऊंनी विचारलं, "नाटकाले येशीन ना गा, हेमराज?" मी म्हणालो, "येतोच." बॅगेत करार होता. मधे एकही सुट्टी नाही, असं त्यात साफ लिहिलंय. खाली सही माझीच.
बस सुटली तरी भाऊ उभे होते. एवढा विश्वास! आणि मी असा. नाटक बुडणार, आणि बुडवणारा मी. जेवण गेलं नाही. (नंतर गेलं.)
रविवारी सांगायचंच.

७ सप्टेंबर, रविवार
आज ग्रहण आहे. मी मानत नाही, पण भाऊ मानत असतील तर? अशा दिवशी वाईट बातमी देणं बरं नाही. उद्यापासून पितृपक्ष. तोही जाऊ द्यावा.
व्यायाम: अलार्म लावला.

११ सप्टेंबर
भाऊंचा स्वतःहून फोन! "पक्कं सांग गा, येऊन राह्यला का नाई?" आवाज फार काळजीचा. माझ्या नुसत्या विचाराने माणूस खचलाय. सांगणारच होतो, पण तोंडातून निघालं, "रजेचं चालू आहे भाऊ." ते एकदम गप्प झाले. आनंद झाला की बोलता येत नाही माणसाला.
आता खोटं दुप्पट झालं. प्रायश्चित्त म्हणून आजपासून अंडी बंद.

१३ सप्टेंबर
कोपऱ्यावरच्या दुकानात अंड्याचं सँडविच मिळतं. इतकं मऊ असतं की अंड्यासारखं लागतच नाही. ते धरत नाही.

१७ सप्टेंबर
विचार केला. येणार नसलो तरी माझी तयारी असायला हवी. उद्या कोणी म्हणायला नको की हेमराजने पाठांतरच सोडलं. यंदा मी फौजदार. खोलीत उभा राहून "नराधमा, थांब!" म्हटलं. दुसऱ्यांदा जरा मोकळ्या आवाजात म्हटलं. दार वाजलं. हॉस्टेलच्या बाई प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभ्या. मागे शेजारचे तिघे.
सकाळी आमचे प्रमुख साकामोतो सान मला बाजूला घेऊन हळूच विचारत होते, घरी सगळं ठीक आहे ना. मी हो म्हणालो. त्यांनी वाकून नमस्कार केला, मीही केला. त्यांनी परत केला. असं बराच वेळ चाललं.
तालीम आता पॉलिहाऊसमध्ये, रोपांसमोर.

२१ सप्टेंबर, रविवार
आयडिया! व्हिडिओ कॉलवर तालीम. निदान माझ्या अनुभवाचा फायदा तरी त्यांना व्हावा. दीपालीला म्हटलं, समाजमंदिरात जा आणि फोन नीट उभा कर. नवऱ्यासाठी बिचारी धान सोडून गेली. फोन तिने बाजाच्या पेटीला टेकवला. मला पूर्ण वेळ पंखा दिसला.
पण ऐकू येत होतं. माझे डायलॉग कोणीतरी जोरात म्हणत होतं. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "हरिदास हाये गा. असंच वाचून राह्यला, तुही जागा खाली नको दिसाले म्हणून."
हरिदास म्हणजे आमचा पडदा ओढणारा. बिचारा! मी त्याला चार सूचना केल्या. श्वास पोटातून घे, हात मोकळा ठेव. "हो जी, हो जी," म्हणत होता. आपल्याला हे कधी जमणार नाही हे त्याच्या आवाजात कळत होतं.
माझ्यामुळे या गरिबाला हे सोसावं लागतंय. फार वाईट वाटलं. झोपण्याआधी सँडविच खाल्लं.

२८ सप्टेंबर
दीपालीचा फोन. हलकं, लवकर येणारं धान पिवळं पडायला लागलंय, बांधावर वाघाचे पंजे दिसले म्हणून बाया एकट्या जात नाहीत, आईचे गुडघे दुखतात. मी विचारलं, हरिदासचा पहिला अंक पाठ झाला का. ती म्हणे, झाला असेल. मग म्हणाली, "तुमाले नाई जमत असन तं नका येऊ जी. इथी कोणी काई म्हणत नाई."
मन मोठं आहे तिचं. मला त्रास नको म्हणून स्वतःचं दुःख गिळते. आधी तिलाच खरं सांगावं असं वाटलं. पण तिने भाऊंना सांगितलं तर? ते माझ्याच तोंडून कळायला हवं. दसऱ्याला.

२ ऑक्टोबर, दसरा
फोन लावला. भाऊ सोनं द्यायला गावभर फिरत होते. सणाच्या दिवशी माणसाला गाठणं बरोबर नाही. आज साकामोतो सानना आपट्याऐवजी भाताचं एक पान दिलं. त्यांनी ते रोगट समजून तपासायला पाठवलं.
जपानी शब्द: आतापर्यंत सात. त्यातले तीन सॉरी म्हणायचे.

९ ऑक्टोबर
नाटकाचं हँडबिल व्हॉट्सअॅपवर आलं. माझा फोटो नाही! मधोमध हरिदास, फौजदाराच्या टोपीत. बाजूला वडश्याहून येणारी नायिका रिना.
आधी धक्का बसला. मग लक्षात आलं. मला सरप्राइज ठेवलंय. लोकांना वाटावं मी नाही, आणि ऐन वेळी मी एन्ट्री घ्यावी! भाऊंचं डोकं. शिवाय पडदा ओढणाऱ्याचा फोटो मधोमध छापणं हा चांगला पायंडा आहे.
पण म्हणजे सगळी भिस्त माझ्यावरच. आणि मी तर जाणार नाही. आज मायक्रोस्कोपमध्ये काहीच दिसेना. शेवटी झाकण काढायचं राहिलं होतं.

१५ ऑक्टोबर
भाऊंचा परत फोन. "सुट्टी भेटली का गा? नसन भेटली तं तसं सांग." काकुळतीला आलेत. मी म्हटलं, "उद्या कळेल." पलीकडे कोणीतरी "अरे देवा" म्हणालं.
मी नीच आहे. सँडविचही बंद.

१९ ऑक्टोबर, रविवार
सांगितलं.
पॉलिहाऊसमध्ये उभं राहून मेसेज रेकॉर्ड केला. सगळं कबूल केलं. करार, सही, बसस्टँड. "तुमचा हेमराज गुन्हेगार आहे भाऊ, गावाने मला माफ करू नये," असं शेवटी म्हणालो. आवाज फाटला. (पहिल्या दोन वेळा फाटला नव्हता, म्हणून परत केलं.)
मग वाट पाहिली. भाऊंचं बीपी आठवलं. आपण माणूस मारला असं वाटलं.
उत्तर आलं. जसंच्या तसं लिहून ठेवतो. "बरं झालं गा बाबू, सांगतलंस. जीवाले घोर लागला होता. तू आलास तं हरिदासले काय सांगू? पोळ्यापासून तोच तुहं काम करून राह्यला. तुले वाईट वाटन म्हणून कोणी बोललं नाई. दीपालीले म्हटलं तूच सांग, तं ते बी रडकुंडीले आली. आता मजेत राह्य."
पोळ्यापासून? पोळ्याला तर मी गावातच होतो.

२० ऑक्टोबर
नीट विचार केला. मला अपराधी वाटू नये म्हणून मोठ्या मनाने असं म्हणाले असतील. पण लोकांना कोण समजावणार? पहिल्याच अंकात ओरडतील, हेमराज कुठी हाये. हरिदास घाबरून पडद्यामागे पळेल. त्याचंही पाप माझ्याच माथी.
सँडविच सुरू केलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ
काल रात्री मंडईचं नाटक झालं. दीपालीने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा माझी कामावर जायची वेळ होती, तिकडे पहाट होत आली होती. तिसरा अंक. मंडप गच्च. हेमराज कुठी हाये असं कोणीही ओरडत नव्हतं. कोणी खोकतसुद्धा नव्हतं.
हरिदासला गोळी लागली होती. डायलॉग माझेच, पण तो हळू बोलत होता. हात मोकळा नव्हता, श्वासही पोटातून नव्हता.
मी दीपालीला म्हटलं, फोन जरा वर धर, याला सांगायला हवं होतं की इथे आवाज चढवायचा असतो. तिने फोन वर धरला नाही. फिरला तो तिच्याच तोंडाकडे. ती रडत होती. मी दरवर्षी तिसऱ्या अंकात मरतो. दहा वर्षं मरत आलो. त्या वेळी ती सतरंजी झटकून घरी निघायच्या तयारीत असते.
मी घाबरून विचारलं, काय झालं, रडतेस कशाला?
म्हणाली, "थांबा ना जी, मरून राह्यला तो."
मग थांबलो. बसचे पैसे हातात धरून खोलीच्या दारात उभा राहिलो. साकामोतो सानना उशिराचं काय सांगायचं ते सुचत नव्हतं.
हरिदास चांगला मेला.