एकादशी आणि शुगरची गोळी

चेरीताल, एकादशी, संध्याकाळ

घोर अन्याय! वर्षभर फिक्क्या चहाची तपश्चर्या केली, आणि आज बायकोने, सुमनने, चहात तीन चमचे साखर घातली तेव्हा चव घ्यायची मला शुद्धच नव्हती.

चूक माझीच. सकाळी शुगरची गोळी घेतली, कारण औषधाने उपास मोडत नाही हे शास्त्र मला पाठ. फराळ मात्र टाळला. दुपारी स्तोत्र म्हणताना हात कापू लागले, सदरा घामाने भिजला. सुमनने तो चहा जबरदस्तीने पाजला. मी सावरल्यावर तिची सरबत्ती.

"उपास होता तर गोळी काहून घेतली?"

"जेवणाआधी घ्या, असं चिठ्ठीत आहे. आधीच घेतली."

"अच्छा! अन् जेवण कोण करणार होतं, पंडितजी? तुमचे पितर?"

मी हसलो. पण ते तीन चमचे पोटात जाण्याआधी समोरच्या बाईचं नाव मला आठवत नव्हतं. स्तोत्र तोंडात चालूच होतं, सुमन तेवढी पुसली गेली होती. हे तिला सांगितलेलं नाही. उद्या डॉक्टरांना सांगावं लागेल.

पुन्हा असं झालं आणि ती घरात नसली तर? मला फार भीती वाटून राहिली आहे.