हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीचे गुणदोष

१२ नोव्हेंबर, सायंकाळ

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही दोघे ठीक. बाबांचा खांदा दुखायचा थांबला आहे, निदान ते तरी तसं म्हणतात. दुकानात सध्या एका दवाखान्याच्या बाकांना गाद्या बसवतोय, त्यामुळे जिकडे पाहावं तिकडे हिरवं रेक्झिन.

तू पाठवलेल्या जपानी ॲनिमे मालिकेचे मराठीतले बाराही भाग पाहिले. फोनवर माझी बोबडी वळते, म्हणून लिहितो. शिवाय माझं लेखन पाहूनच तुमच्या डबिंगच्या स्टुडिओतल्या बाई मला संवाद तपासायच्या कामावर घेणार की नाही ते ठरवणार, म्हणून हे तिसऱ्यांदा उतरवून काढतोय. बाबांना विचारलंस का, असं तू विचारलं आहेस. ते शेवटी लिहितो.

आधी गुण. ताई, काय माणसं आहेत ती. हरवलेल्या वस्तूंची एक कचेरी आणि तीत पाच जण, एवढीच गोष्ट. पण एक छत्री जमा झाली की साहेब तिच्यावर चिठ्ठी लावतात, मग त्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी. नवखी मुलगी छत्रीचीच माफी मागते. उंच कारकून ती उघडून खाली झोपतो. विनोद छत्रीत नाही, माणसांच्या स्वभावात आहे. तिसऱ्या भागानंतर तर कोण काय करणार ते आधीच कळतं, आणि तरी हसू येतं. उलट कळतं म्हणूनच जास्त येतं. आठवीत शाळा सुटलेल्याचं हे मत बाईंना पटेल की नाही कोण जाणे, पण मला ते अगदी पक्कं वाटतं.

आता दोष. मधल्या भागांत काम कुठे जातं? गिऱ्हाईक येत नाही, कुणाचे हात मळत नाहीत, नुसती आरडाओरड. बाबा पाठीमागून म्हणालेच, "एक छत्री परत द्यायला पाच जण? यांना पगार कोण देतो?"

हो, बाबाही बघतात. मोबाईल फळीवर टेकवून आम्ही काम करत होतो. ते रेक्झिन ताणून धरतात, मी खिळे मारतो. तू गेल्यापासून खिळे माझ्याकडे आले. चौथ्या भागात कचेरीच्या कोठीवरची बाई पहिल्यांदा बोलली, "किल्ली माझ्याकडे नाही, पण कुलूप माझंच आहे," आणि बाबांच्या हातातून रेक्झिन सुटलं. त्यांच्या हातून ते सुटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "मघाचं पुन्हा लाव. ऐकू आलं नाही." ऐकू आलं होतं. तू कितीही आवाज बदल, ताई, 'कुलूप' म्हणताना तू तूच असतेस.

दुसरा दोष त्यांनीच काढला: "त्या कोठीवालीला बोलायला फारच कमी दिलंय."

सगळ्यात मोठा दोष नवव्या भागात. नवखीला दुसरीकडे काम मिळतं. ती राजीनामा लिहून खिशात ठेवते आणि दिवसभर साहेबांच्या मागेपुढे करते. सांगत नाही. दहाव्या भागात त्या राजीनाम्याचं नावच नाही. मला असा राग आला. अरे, साहेब ओरडतील, अबोला धरतील, काय ते होऊ दे, पण कळू दे ना एकदा. प्रेक्षकानं किती वेळ जीव मुठीत धरून बसायचं?

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

१३ नोव्हेंबर, दुपार

सकाळी बाक उलटा केला, पट्ट्या काढल्या आणि बाबांना सांगून टाकलं. तोंडात खिळे होते, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

"कधी बोलावलंय?"

"बाईंना लेखन पसंत पडलं तर सोमवारी."

"आणि मला कधी सांगणार होतास? मंगळवारी?"

मी तोंडातले खिळे हातावर काढले. मग विचारलं, "खिळे कोण मारणार?"

"मीच. रेक्झिन धरायला शिकंजा लावीन बाकाला. तो निदान मध्येच मोबाईलकडे बघत नाही." मग बाबा पट्टी हातात फिरवत राहिले. "तू विचारलंस तरी. ती न विचारता गेली." आणि माझ्याकडे न बघता, "विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, तेही खरंच."

ताई, मला अजून विश्वास बसत नाही. बाईंना पत्राचा पहिलाच भाग दाखव. पसंत नाही पडलं तरी मी सांगितलं ते सांगितलंच. पसंत पडलं तर सोमवारी पहिल्या गाडीनं येतो.

पत्र मिटता मिटता बाबांना विचारलं, तुमच्याकडून काही लिहू का. ते हातोडी शोधत होते. म्हणाले, "मोठ्यांकडून लिहायचं ते लिहितात. त्यात विचारायचं काय?"

बाबांचे तुला अनेक आशीर्वाद. हे मी माझ्या मनानं लिहिलेलं नाही.

तुझा,
धाकटा