न लागलेल्या तीन गोळ्या

२ मे
पोहोचलो एकदाचा. दिवसभर गाडी हाकून कंबरेचा पार भुगा झालाय, पण मन खूश आहे. वायोमिंगच्या या टोकाला माळ, मेंढ्या आणि वारा याशिवाय काही नाही, आणि मला तेच हवं होतं. राहायला चाकांवरची खोली मिळाली आहे. लोखंडी शेगडी, एक खाट, आणि खिडकीतून फाटकापर्यंत दिसणारा रस्ता. फाटकाशी दोन वाटा मिळतात, एक मोठ्या रस्त्याकडून, एक जुनी, नदीकडून. माझ्या टिक कुत्र्याने आल्या आल्या खाट बळकावली.

मालक ऑरिन टिबेट्स सत्तरीचा आहे आणि जीभ भलतीच तिखट. माझी रायफल उलटसुलट करून म्हणाला, की ही तर माझ्या दोन्ही लग्नांपेक्षा जास्त टिकलीय, आता फक्त सरळ मारते का ते सांग! कोकरं जन्मायचे दिवस आहेत आणि आठवड्यात कायोटींनी, म्हणजे इथल्या रानकोल्ह्यांनी, एकोणीस पळवली. हंगामभर मी त्यांना आवरलं तर कायमची नोकरी.

तसं झालं तर ग्वेनला बोलावता येईल. खाण बंद पडल्यावर मी घरात बसून नुसता गुरगुरत होतो. शेवटी कंटाळून ती बहिणीकडे गेली. बायको बरोबर होती, मीच चुकलो.

३ मे
सकाळी वारा पडला होता. गाडीच्या बॉनेटवर वाळूची पिशवी टाकली, रायफल टेकवली आणि शंभर यार्डांवरच्या कागदावर नेम बसवला. शंभरावर दीड इंच वर लागली की दोनशेवर बरोबर मध्ये लागते, हा माझा जुना हिशेब. दर तीन गोळ्यांनी नळी गार होऊ दिली. घाईने तापल्या नळीवर नेमाच्या दुर्बिणीचे खटके फिरवत बसणारे लोक मी पाहिलेत, मग कायोटी पळाला की दोष बंदुकीला. माझी शेवटची तीन भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. स्वतःचीच पाठ थोपटली.

दुपारी जखमी कोकरासारखी ओरडणारी लाकडी शिट्टी फुंकली. दहा मिनिटांत एक थोराड कायोटी थेट माझ्याकडे चालत आला आणि एकाच गोळीत आडवा झाला. इथल्या रीतीप्रमाणे तो मागच्या पायांनी कुंपणाच्या तारेला उलटा टांगला. ऑरिनने बजावलं, की टांगलेल्यावर कधी गोळी चालवायची नाही. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, अरे बाबा, त्याचं आपलं एकदा मिटलंय ना, मग पुन्हा कशाला उकरतोस? म्हाताऱ्यांची काहीतरी खुळं असतात.

५ मे
आज सांगितलेलं ऐकलं नाही. पण कारण चांगलं होतं. मेंढ्यांच्या गर्दीत गोळी कायोटीच्या आरपार जाऊन पलीकडच्या मेंढीला लागता कामा नये. माझ्याकडे काडतुसं तीन जातींची आहेत. एक अख्ख्या तांब्याच्या आवरणाचं, ते आरपार जाणार. दुसरं मऊ टोकाचं, आत गेल्यावर पसरणारं. तिसरं हलकं, लाल प्लास्टिकच्या टोकाचं, ते म्हणे आतच फुटून चुरा होतं. कागदाला यातलं काय कळणार? ऑरिन गावात गेला होता. कुंपणावरच्या कायोटीवर प्रत्येक जातीची एकेक झाडली.

एकही लागली नाही. कातडीवर ओरखडा नाही, मागे माती उडाली नाही, धड साधं हललंही नाही. लगेच कागदावर मारली तर बरोबर मध्ये. तीन गोळ्या गेल्या कुठे?

६ मे
शिट्टी फुंकत बसलो होतो. कोकरू गमावलेली एक मेंढी कळप सोडून माझ्याकडे धावत आली आणि पंधरा पावलांवर कोसळली. रायफल माझ्या मांडीवर होती. चापाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. आवाज झाला नाही. एका बरगडीतून भोक आत, दुसरीतून बाहेर. मातीतून गोळी उकरून काढली. अख्ख्या तांब्याची, माझी.

ऑरिनला खरं ते सांगितलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, की किती झाडल्यास? तीन म्हटल्यावर टोपी काढून उभा राहिला.

७ मे
ऑरिन कळपाकडे गेला असताना त्याच्या घरून ग्वेनला फोन केला. मन घट्ट करून माफी मागितली. म्हणालो, ये. ती म्हणाली, की शुक्रवारी येते, पण तुझ्या हातची कॉफी पाजू नकोस. फार दिवसांनी हसलो.

८ मे
टिक गेला. जेवायला शिट्टी मारली, शेपटी हलवत धावत आला. पायरीपाशी — मऊ टोकाची होती. मी त्या जखमा ओळखतो. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. रडलो.

रात्री उशिरा ऑरिनने सगळं सांगितलं; दोन दिवस त्याची जीभ रेटली नव्हती. तुझ्या बोलावण्यावर जे येतं, त्याला ती लागते. त्याने तरुणपणी गंमत म्हणून एकच झाडली होती. भावाला जेवायला हाक मारली. सुटलेली गोळी आहे बाबा, म्हणाला, तिला आता कोण थोपवणार.

एक उरली आहे. आणि मी ग्वेनला ये म्हटलंय.

९ मे
दिवसभर फोन. संध्याकाळी तिच्या बहिणीने उचलला. ग्वेन सकाळीच निघाली. वाटेत कुठे मुक्काम करणार, हिला माहीत नाही.

कायोटी उतरवून पुरला. उकरून माफी मागितली. पुन्हा पुरला. त्याने काय होणार.

लाल टोकाची. आतच चुरा होते. हे मी हौसेने वाचलं होतं.

१० मे, शुक्रवार, सकाळ
ऑरिन तिला अडवायला मोठ्या रस्त्यावर गेलाय. मी यायचं नाही, म्हणाला. मी दिसलो तर ती माझ्याकडेच येईल. दार लावून बसलोय. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितोय.

दुपार
धूळ दिसतेय. मोठ्या रस्त्याची नाही — नदीकडून. ती जुन्या वाटेने आलीय. ऑरिन तिकडे —

गाडी फाटकाशी. निळा कोट. उतरली.

पडदा ओढला. घरात कुणी नाही असं वाटलं तर परत जाईल. जा ना, ग्वेन. माझं नाव घेतेय. ओ दिली नाही.

फाटक उघडलं. चालत येतेय. थांब म्हणून ओरडलो तर — वाऱ्यात शब्द कळणार नाहीत, नुसती हाक ऐकू जाईल —

पंचवीस पावलं. पडदा बाजूला केला. नको म्हणून हात हलवतोय, डावा हात, जोरजोरात, परत जा, परत जा — ती हसली. पळत सुटलीय. तिला वाटतंय मी तिला