शंखजिऱ्याचा खडू

३ जून, मंगळवार
निळ्या कापडावर पांढरी रेघ — आणि मला दिसली नाही! स्वतःच ओढलेली! बोटाने चाचपत कापलं.

४ जून
खडूच वाईट असणार. शिवणकामाला शंखजिऱ्याचाच हवा. नखाने ओरखडला की मऊ भुकटी निघते, बोटांना बुळबुळीत लागते. कापडावर हलकेच उमटतो, झटकला की जातो. मेणाचा घेतला तर इस्त्रीखाली तेलकट डाग!

आमचा ओरखडून पाहिला. अस्सल निघाला. म्हणजे मग...

आईचे डोळेही पन्नाशीतच गेले. नको तो विचार.

६ जून
धाकट्या जावेला कळता कामा नये. बारा वर्षं आमच्या शिवणाच्या दुकानात कात्री माझी, मशीन तिचं. कळलं की कापायचं टेबल तिच्याकडे जाणार आणि मी बसणार काजं-बटणं करत — तीही दिसली तर!

दाबून रेघा ओढते आहे. तीन खडू मोडले. शंखजिरं कसला जोर सोसतंय!

"ताई, खडूवर कसला राग काढताय?" धाकटीने विचारलं.

मी खेकसले, "भिकार खडू आणलायस तू!"

ती म्हणाली, "दुसरा आणते." उगीच बोलले तिला.

१० जून
काल संध्याकाळी नव्या खडूने बत्तीस गणवेशांच्या रेघा आखल्या. पुसटच वाटल्या. आज सकाळी टेबलाशी जाऊन बघते तर काय — ठळक! एकूण एक! भराभर कापले. माझे डोळे शाबूत आहेत!

"पाहिलंस? खडूच वाईट होता."

"हो ना, ताई." मान खाली घालून ती सुईत दोरा ओवत राहिली.

११ जून
आजही तेच. संध्याकाळी पुसट, सकाळी ठळक. असं कसं? शंखजिरं कापडावरून उडतं, रातोरात वाढत नाही! कुणाला विचारू?

१२ जून
तासभर आधीच दुकानात गेले. दार नुसतं लोटलेलं. धाकटी टेबलावर ओणवी होऊन माझ्या एकेका रेघेवरून खडू फिरवत होती.

मला पाहून दचकली. तिच्या बाहीला पांढरी भुकटी लागली होती, ती मी झटकली. रडू आवरेना. कसंबसं म्हटलं, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येशील माझ्याबरोबर?"

"मागच्याच आठवड्यात नंबर लावलाय, ताई. शनिवारी दहाला."